चोरपावलांचा पंधरवडा

१ फेब्रुवारी

आयुष्यात पहिल्यांदा फळ्याच्या त्या बाजूला उभा राहिलो. ज्यानं दुसऱ्या वर्षाच्या मध्यात कॉलेजला रामराम ठोकला, त्याच्या हातात नववी ब! ताईचा घसा किती दिवस बसलाय, डॉक्टरनं बोलायला मनाई केलीय, आणि ताईला बोलू नको म्हणणं म्हणजे पंख्याला फिरू नको म्हणणं. तिचे बाकीचे तास इतर बाईंनी वाटून घेतले. शेवटचा उपक्रमाचा तास मात्र कुणालाच नको होता. ताई मोठ्या बाईंना म्हणाली, "माझा भाऊ घरी रिकामाच आहे." रिकामाच! तो शब्द गाळला असता तर काय बिघडत होतं?

मुलांना म्हटलं, मला सर म्हणायचं. पहिल्या बाकावर एक काडीसारखी मुलगी बसते, तिला सगळे टाचणी म्हणतात. का म्हणतात ते लगेच कळलं. म्हणाली, "कॉलेज पुरं केलंत की म्हणू. तोवर दादा चालेल?" वर्ग फिदीफिदी. माझं डोकं तापलं, पण ताईनं निघताना बजावलं होतं, "किटली, तिथं झाकण उडवायचं नाही हं." किटली म्हणजे मी. लहानपणापासून. लवकर तापतो म्हणून.

चौदा तारखेला प्रेमाचा आणि मैत्रीचा दिवस. बाकीच्या वर्गांत लाल कागदाची बदामं कापतात. ताईच्या वर्गात 'चोरपावलं' खेळतात, दरवर्षी. प्रत्येकानं वर्गातल्या एकाच्या नावाची चिठ्ठी उचलायची आणि पंधरवडाभर त्याच्यासाठी काही ना काही छोटं करायचं, त्याला न कळता. विकत काही आणायचं नाही. चौदा तारखेला उभं राहून सांगायचं, आपल्यासाठी काय काय झालं ते. कुणी केलं ते विचारायचं नाही आणि ज्यानं केलं त्यानंही सांगायचं नाही. कधीच. "लक्ष असेल तर सांगता येईल, नसेल तर बसाल तोंड वासून," असं ताई म्हणते.

घरीही हाच खेळ. संध्याकाळी चहाच्या कपात तीन चिठ्ठ्या: ताई, भावजी, मी. स्वतःचीच आली तर परत टाकून पुन्हा उचलायची. मला ताई आली. भावजींनी आपली वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि कडू गोळी गिळावी तशी खिशात टाकली. भावजी खुर्च्या-सोफे शिवतात. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. दिवसभर तोंडात सुई नाहीतर खिळा, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नाही. मी इथं राहायला आल्यापासून ते माझ्याशी जे काही बोललेत ते एका चिठ्ठीवर मावेल.

मला हा खेळ पटत नाही. प्रेम काय चोरी आहे? असेल तर छातीठोक सांगावं. मी सांगितलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मास्तर माझ्या वर्गातल्या त्या मुलीवर सगळ्यांसमोर ओरडले, एका फुटक्या काचेच्या भांड्यासाठी. मी स्टूल फेकलं, खिडकीची काच गेली. माफी माग म्हणाले, नाही मागितली, बाहेर पडलो. तिच्यासाठी. ती फक्त एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं का तुला मध्ये पडायला?" घाबरली होती. घाबरलेली माणसं असंच बोलतात.

ताईसाठी चौदा तारखेला एकदम काहीतरी जंगी करीन. रोज चमचा चमचा वाढणं आपल्याला जमत नाही. आपण पातेलं उपडं करणारे.

४ फेब्रुवारी

काहीतरी घडतंय! माझ्या पिशवीचा पट्टा तुटायला आला होता, एका धाग्यावर लोंबत होता. आज शाळेतून निघताना बघतो तर शिवलेला. काळा दोरा, बारीक, एकसारखे टाके, ओढून बघितलं तर माणूस लटकेल इतके पक्के. सकाळी पिशवी फाटकाजवळ सायकलला अडकवून मी चहा प्यायला आत गेलो होतो. आणि त्याच वेळी ती रोज आमच्या फाटकावरून बसथांब्याकडे जाते.

तिला माहीत होतं माझा पट्टा तुटलाय. महिन्यापूर्वी तिच्या समोरच माझी पुस्तकं रस्त्यावर सांडली होती.

इतके बारीक टाके बाईच्या हाताशिवाय पडतात?

वर्गात मजा आहे. सगळे चोरासारखे वागतायत. मधल्या सुट्टीत वर्गात मागं राहायला जो तो कारणं शोधतो. एक लांबलचक मुलगा आहे, लंबू, बाकाखाली पाय मावत नाहीत, बोलताना आवाज फुटतो म्हणून बोलतच नाही. तो आज गुडघ्यावर बसून टाचणीच्या बाकाच्या डुगडुगत्या पायाखाली कागदाची घडी सारत होता. मला बघून डोकं आपटून घेतलं. मी डोळा मारला. बिचारा कानापर्यंत लाल.

७ फेब्रुवारी

ताईनं आज लाजच आणली. तास चालू असताना दारात उभी, गळ्याभोवती मफलर. मुलं उठली. ती म्हणाली, "आज हजेरी मी घेणार." शेवटच्या तासाला कसली हजेरी! आवाज म्हणजे दगडावर दगड घासावा तसा. पुस्तक उघडलंच नाही. सगळ्यांची नावं पाठ. एकेक नाव घेत होती, ज्याचं नाव त्याच्याकडे बघत, सावकाश. 'हजर' म्हटलं तरी लगेच पुढं जात नव्हती. लंबूचा 'हजर' चिरकला तर कुणी हसलं नाही. एक मुलगी तापामुळं आली नव्हती, तिचं नाव ताईनं दोनदा घेतलं आणि मग स्वतःच "हजर" म्हणाली.

मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्या होत्या, चष्मा पुसत.

घरी आल्यावर मी भावजींना सुनावलं. "डॉक्टर बोलू नको म्हणतो आणि ही गावभर हजेरी घेत फिरते! तुम्ही आवरत का नाही तिला?"

त्यांनी तोंडातला खिळा काढला. "बोलू दे."

"अहो, घसा..."

"बोलू दे म्हटलं ना."

खिळा परत तोंडात. बायकोच्या तब्येतीचं काही पडलेलं नाही या माणसाला.

सायकलच्या साखळीला कुणीतरी तेल घातलंय. लोण्यासारखी पळते.

९ फेब्रुवारी

रविवार. ताई सकाळपासून फोनवर. लांबच्या मावशीला, बालमैत्रिणीला, पहिल्या शाळेतल्या शिपायालासुद्धा. "काही नाही रे, सहज, आवाज ऐकावासा वाटला." ऐकावासा म्हणे! हीच बोलत होती. मग भावजी आणि ती गॅलरीत बसले, त्यांची कुजबुज जेवणापर्यंत संपेना. एकदा मी पाणी प्यायला गेलो तर दोघं गप्प झाले. माझंच काहीतरी चाललं असणार. कॉलेज, कॉलेज, कॉलेज.

जेवताना भावजी भाताकडे बघत म्हणाले, "आजही सुया ओवलेल्या होत्या."

ताई भिंतीकडे बघत म्हणाली, "हो का? कमाल आहे."

भावजींना जवळचं नीट दिसत नाही, सुईत दोरा जाता जात नाही, चार शिव्या हासडल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. हल्ली रोज सकाळी त्यांच्या सुया ठेवायच्या चिमुकल्या उशीला दहा-बारा सुया ओवून टोचलेल्या असतात. घरात तीन माणसं आणि हे दोघं न कळल्याचं नाटक करतात! मला हसू फुटलं. ताईनं पायानं माझा पाय दाबला.

"आणि तुझ्यासाठी काही झालं का रे?" तिनं विचारलं.

"झालं. पण ते घरातल्यांनी केलेलं नाही," मी म्हटलं.

भावजींचा घास क्षणभर थांबला. मग जेवू लागले.

१० फेब्रुवारी

बसथांब्यावर तिला गाठलं. म्हटलं, "कळलंय मला." ती म्हणाली, "काय?" मी पिशवीचा पट्टा थोपटला आणि हसलो. ती बसच्या दिशेनं बघत राहिली. मी म्हटलं, "चौदा तारखेला बोलू." ती म्हणाली, "हे बघ, आपलं बोलून झालंय." बस आली. चढताना मात्र मागं वळून बघितलं. बघितलंच.

हे कुणीतरी ताईला सांगितलं. घरी आलो तर स्वयंपाकघरात माझीच वाट बघत बसली होती. "ती नाही म्हणाली ना? मग नाही. तिच्या वाटेत उभं राहायचं नाही."

"तुला काय माहीत त्यातलं?"

"मला एवढं माहीत आहे की दार ठोठावणं वेगळं आणि दार फोडणं वेगळं." खोकला आला. पाणी प्यायली. "किटली, ऐक जरा. मला तुझ्याशी बोलायचंय. हे नाही, दुसरंच. बस ना."

माझं टाळकं सटकलं होतं. बसलो नाही. म्हटलं, "तुझं ऐकून ऐकून कान किटले माझे. डॉक्टरनं गप्प बस सांगितलंय ना, मग बस की गप्प! तेवढीच शांतता मिळेल सगळ्यांना!"

भावजी दारात येऊन उभे राहिले. हातात कात्री. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ताईनं हातानंच त्यांना थांबवलं.

ठीक आहे. जास्त बोललो. पण तिनंही वर्मावर बोट ठेवलं.

११ फेब्रुवारी

ते दोघं सकाळी दवाखान्यात गेले. घशात बारीकशी गाठ आहे, काढून टाकायची. काही दिवस राहावं लागेल, असं भावजींना फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं होतं. मला कुणी नीट सांगायची तसदी घेतलेली नाही.

निघण्यापूर्वी ती माझ्या खोलीच्या दाराशी आली होती. दारावर टकटक केली. "किटली, ऊठ रे. जाते मी." मी जागा होतो. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो, श्वास मोठा केला, झोपल्यासारखा. अजून राग होता. ती थांबली. पुन्हा म्हणाली, "किटली?" मग भावजींचा आवाज, "झोपू दे त्याला." मग फाटक.

आल्यावर बोलीन. तोवर राग उतरेल.

दुपारी डोक्यात कल्पना चमकली. चौदा तारखेचं जंगी काम! नववी ब कडून एक भलामोठा फलक करून घ्यायचा आणि तो घेऊन थेट दवाखान्यात. दुकानातला सोफ्याच्या खोक्याचा पुठ्ठा आहेच.

१२ फेब्रुवारी

भावजींचा फोन. "झालं. वेळ लागला, पण झालं."

"ताईला द्या."

"आज नको."

"मग उद्या?"

मागं दवाखान्याचा आवाज, चाकं, कुणाचीतरी हाक. मग म्हणाले, "तू जेवलास का?" मला इतकं नवल वाटलं की काय उत्तर दिलं तेही आठवत नाही.

फलक तयार. मुलांनी जीव ओतलाय. लाल-निळ्या अक्षरांत, लंबूच्या हातचं अक्षर, मोत्यासारखं: 'बाई, लवकर बोलायला लागा!' खाली सगळ्यांच्या अंगठ्यांचे ठसे. हे आपल्यालाच सुचलं. ताई बघेल आणि सगळं विसरेल.

१४ फेब्रुवारी

लिहिण्याची इच्छा नाही. पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

सकाळी बसथांब्यावर गेलो. ताई नको म्हणाली होती तरी गेलो. तिला म्हटलं, "आता लपवू नकोस. पट्टा तू शिवलास, सायकलला तेल तू घातलंस."

ती आधी हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. म्हणाली, "मला बटण लावता येत नाही रे. आईच लावते अजून. शप्पथ, मी नाही." मी म्हटलं, लाजू नकोस. तेव्हा तिनं आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. तेच सहन झालं नाही. "तू माझ्यासाठी काच फोडलीस असं सगळ्यांना सांगत फिरतोस. नंतर त्या मास्तरांच्या तासाला रोज मला बसावं लागतं. तू निघून गेलास, मी तिथंच आहे. आता नको येऊस इथं."

तिथून तसाच शाळेत. वाटेत डोक्यात एकच गोष्ट घणघणत होती: सगळा घोळ या लपवालपवीचा आहे. कुणी सरळ सांगतच नाही.

वर्गात गेलो आणि म्हटलं, नियम बदललाय. काय झालं ते सांगा आणि ज्यानं केलं त्यानं लगेच उभं राहून नाव सांगायचं.

टाचणी म्हणाली, "बाईंचा नियम तसा नाहीये."

"बाई इथं नाहीत. मी आहे."

पहिले काही जण हसतखेळत झाले. मग टाचणी उठली. तिचा चेहरा एरवी टोचरा असतो, आज फुलला होता. म्हणाली, माझ्या पेन्सिलींना रोज टोक केलेलं असायचं, बाक डुगडुगायचा थांबला, सायकलच्या सीटवरचं दव रोज पुसलेलं. मग बाकावरच्या शेजारणीकडे बघून म्हणाली, "मला माहितीय कोण ते. सांगणार नाही. पण या सगळ्यामुळंच मी हिच्याशी पुन्हा बोलायला लागले." दोघींचं परीक्षेपासून बिनसलं होतं म्हणे. शेजारीण खाली बघत होती.

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. मला माहीत होतं ना कोण ते. मी म्हटलं, "ऊठ की रे, लंबू. भितोस काय? सांग छातीठोक!"

तो उठला. उंच, वाकलेला. ओठ हलले. "मी," तो म्हणाला आणि त्या एका अक्षरात आवाज दोनदा फुटला.

वर्गात असा काही कल्ला उठला! शिट्ट्या, बाकं बडवणं, "वहिनी, वहिनी!" टाचणीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तिनं शेजारणीकडे बघितलं. शेजारीण हळूच सरकून बसली. टाचणी लंबूवर ओरडली, "कुणी सांगितलं होतं तुला?" हे शब्द मी आधी ऐकलेत. लंबूनं दप्तर उचललं आणि तास चालू असताना, माझ्या अंगावरून, दाराबाहेर गेला. मी डस्टर टेबलावर आपटलं, घसा फुटेस्तोवर ओरडलो, गप्प बसा. घंटा झाली. सगळे पांगले.

टाचणी राहिली. रडून झालं होतं. म्हणाली, "त्याचं होतं ते. त्याच्यापाशीच राहायला हवं होतं. तुम्ही काढून घेतलंत."

"खरं सांगण्यात लाज कसली?" मी म्हटलं. पण आवाजात दम नव्हता.

"बाई सांगतात, तुम्ही घरीही खेळता. तुम्हाला कोण आलं होतं?"

"ताई."

"मग काय केलंत त्यांच्यासाठी?"

मी भिंतीला टेकवलेल्या फलकाकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "हा तर आम्ही केला. आणि तुमच्यासाठी काय झालं?"

पट्टा दाखवला. साखळीचं सांगितलं. म्हटलं, "बाहेरच्या कुणीतरी केलंय."

ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. "बाहेरचं कसं असेल? तिघंच खेळता ना? तुम्हाला बाई आल्या. मग काकांना बाई येणार नाहीत, स्वतःचं नाव तर परत टाकायचं. उरलं कोण? दुसरीतलं पोरगं सांगेल, दादा."

मी पट्ट्यावरून बोट फिरवलं. दोरा मेणचट लागला. सोफ्याच्या दोऱ्याला मेण लावतात. आमच्या घरात पावलोपावली तो वास आहे.

दवाखान्यात गेलो, फलक डोक्यावर धरून, जिन्यात दोघांना धडकत. भावजी खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. दाढी वाढलेली. त्यांनी उठून फलक माझ्या हातातून घेतला, वाचला, आणि अक्षरं भिंतीकडे करून उभा केला.

"आत जाण्याआधी बस," ते म्हणाले. मी पहिल्यांदा कुणी बस म्हटल्यावर बसलो.

गाठ बारीक नव्हती. वाईट जातीची होती. आवाजाची सगळी जागाच काढावी लागली. श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलंय, आता कायमचं. डॉक्टर म्हणाले, जिवाचं बहुतेक निभावेल. पुढं शिकून, यंत्र लावून काहीतरी बोलता येईल. पण तो तिचा आवाज नसेल. तो गेला.

"मला का नाही सांगितलं?" मी ओरडलो. एक परिचारिका वळून बघायला लागली.

"ह्याच्यासाठी," भावजी म्हणाले. "तू डॉक्टरची गचांडी धरली असतीस. तिला शांतपणे यायचं होतं. त्याला मीच सांगते म्हणाली, माझ्या तोंडानं सांगणार. दोन-तीनदा प्रयत्न केला तिनं. शेवटी म्हणाली, निघताना सांगीन."

त्यांना माहीत नाही मी जागा होतो. की माहीत आहे?

आत गेलो. ताई उशीला टेकून बसली होती, गळ्याला पांढरं काय काय गुंडाळलेलं, नाकात नळी. मला बघून तोंड उघडलं. सवयीनं. मग मिटलं.

१६ फेब्रुवारी

ती मला हाक मारायला आली होती आणि मी झोपेचं सोंग घेतलं. 'किटली?' मी तो आवाज आठवायचा प्रयत्न करतोय. सगळ्यात आधी माझाच आवाज आठवतो: बस की गप्प.

१७ फेब्रुवारी

लंबू शाळेत येत नाहीये. मोठ्या बाईंनी बोलावलं. वाटलं काढून टाकतील, आणि टाकावंच. त्या म्हणाल्या, "तुझी ताई पहिल्या वर्षी अश्शीच होती. खडू फेकून मारायची. जा, आपण सांडलेलं आपण भर."

लंबूच्या घरी गेलो. त्याची आई दारात. तो येईना. मी खोलीबाहेर उभा राहून म्हटलं, "चूक माझी. तुझी नाही. तू सगळं नियमानं केलंस, नियम मी मोडला." दार ठोठावलं नाही. थोडा वेळ थांबून परत आलो.

१९ फेब्रुवारी

लंबू आला. मी वर्गासमोर फार बोललो नाही. म्हटलं, "बाईंचा नियम परत. नावं कुणी घ्यायची नाहीत. आणि त्या दिवशी जे राहिले त्यांनी आज काय झालं तेवढंच सांगा." एकेक उठला. शेवटी टाचणी. म्हणाली, "माझं सांगून झालंय. फक्त एक राहिलं. आज सकाळीही सीट पुसलेली होती." आणि बसली. कुणी शिट्टी मारली नाही. लंबू खिडकीबाहेर बघत होता. तिची शेजारीणही.

मग कुणीतरी विचारलं, "दादा, तुमच्यासाठी काय झालं?"

मी उभाच होतो, तरी उभं राहायची सवय नसल्यासारखं वाटलं. म्हटलं, "माझ्या पिशवीचा पट्टा शिवला. साखळीला तेल घातलं. आणि एका सकाळी कुणीतरी मला दोनदा हाक मारली."

२६ फेब्रुवारी

ताई घरी आली. फिकट, हलकी, दरवाजातून आत येताना पंख्याकडे, खिडकीकडे, सगळ्यांकडे बघितलं. फलक तिनं हट्टानं दवाखान्यातून आणवला आणि स्वयंपाकघरात लावून घेतला, अक्षरं बाहेर. त्याच्याकडे बोट दाखवून हसते. हसताना खांदे हलतात, बाकी काही नाही. आम्ही दोघं मग दुसरीकडे बघतो.

ती पाटीवर लिहिते. मला पहिलं काय लिहिलं असेल? 'कॉलेज?' मी म्हटलं, काचेची भरपाई आणि माफी, दोन्ही देऊन येतो, पुढच्या वर्षी घेतील तर घेतील. तिनं पाटी पुसली आणि लिहिलं, 'झाकण?' म्हटलं, "बसवलंय. सैल आहे."

कुणाला बोलवायचं तर तिच्याकडे आता टाळी किंवा चमचा. भावजींनी त्यांचं बोटात घालायचं लोखंडी टोपण तिला दिलं, सुई रेटायला वापरतात ते. ते बोटात घालून ती भिंतीवर ठोकते. भावजींसाठी दोनदा. माझ्यासाठी एकदा.

खेळ संपून किती दिवस झाले. ती जाण्याआधी भावजींच्या उशीवर इतक्या सुया ओवून गेली होती की अगदी आत्तापर्यंत पुरल्या. काल शेवटची संपली. ते खिडकीपाशी जाऊन दोरा थुंकीनं ओला करून प्रयत्न करत होते. एक शिवी नाही. शिवी असती तर बरं वाटलं असतं.

२८ फेब्रुवारी

जेवताना भावजी ताटाकडे बघत म्हणाले, "आज सुया ओवलेल्या होत्या."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत म्हटलं, "हो का? कमाल आहे."

"दोरा जरा लांब घेतलाय," भावजी म्हणाले. "गुंता होतो. कुणी का ओवला असेना, त्यानं हातभर घ्यावा." आणि माझ्या ताटात भात वाढला.

१ मार्च

सकाळी भिंतीवर टकटक झाली. एकदाच.

मी उठलो.